वाढीची हॉर्मोन्स आणि शरीराचं माप: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हा विषय तीन ठिकाणी हमखास निघतो: मुलाच्या उंचीच्या काळजीत असलेल्या घरी, गोठ्यात आणि तालमीत. तिन्हीकडे प्रश्नाच्या मुळाशी एकच समजूत असते, की एखादं इंजेक्शन किंवा पावडर दिली की हवं ते वाढतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात तसं होत नाही. हॉर्मोन सगळीकडे पोहोचतं. वाढतो तो अवयव, ज्याच्याकडे ते ऐकण्याची सोय आहे, खुराक आहे आणि वाढीचं वय शिल्लक आहे. खालची उत्तरं याच धाग्यावर लिहिली आहेत.

वाढीचं हॉर्मोन तयार कुठं होतं आणि हाडापर्यंत कसं पोहोचतं?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी, साधारण अर्ध्या ग्रॅमची पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागात हे हॉर्मोन बनतं. १९१ अमिनो आम्लांचं हे प्रथिन आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून येणारा एक संदेश त्याला सोडायला सांगतो आणि सोमॅटोस्टॅटिन हा दुसरा संदेश त्याला रोखतो. म्हणून ते सलग झिरपत नाही, लाटांनी येतं. मुलांमध्ये सगळ्यात मोठी लाट रात्री झोप लागल्यावर, पहिल्या गाढ झोपेत येते.

रक्तातून ते यकृतात गेलं की यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन बनवतं. ७० अमिनो आम्लांचं हे हॉर्मोन वाहक प्रथिनांना बांधून रक्तात फिरतं. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी आयजीएफ-१ मुळे विभागतात, फुगतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. उंची वाढते ती इथं, हाडाच्या मधल्या दांड्यात नव्हे.

पूर्वी सगळं श्रेय यकृताला दिलं जायचं. १९९९ साली उंदरांच्या फक्त यकृतातलं आयजीएफ-१ चं जनुक बंद करून पाहिलं. रक्तातलं प्रमाण सुमारे पाऊण हिश्शाने उतरलं, तरी उंदीर जवळपास नेहमीसारखेच वाढले. म्हणजे ग्रोथ प्लेट, स्नायू, मूत्रपिंड हे अवयव आपापल्यापुरतं आयजीएफ-१ स्वतःही बनवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं बऱ्याच उत्तरांत तो कामाला येईल.

मग रक्तात वाढीचं हॉर्मोन मोजलं की निकाल लागला?

नाही, आणि या एका तपासणीवर पालकांचे बरेच पैसे वाया जातात. हे हॉर्मोन रक्तात निम्मं व्हायला सुमारे २० मिनिटं लागतात. दिवसा दोन लाटांच्या मध्ये रक्त घेतलं तर निरोगी मुलातही आकडा जवळपास शून्य येतो. तो रिपोर्ट हातात घेऊन ‘हॉर्मोन कमी आहे’ म्हणणं चूक आहे.

खरी तपासणी म्हणजे उत्तेजन चाचणी. मूल रात्रभर उपाशी हवं. सकाळी शीर लावून पहिला नमुना घेतात, मग क्लोनिडिनची गोळी किंवा ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन दर अर्ध्या तासाने नमुने घेतात. क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो आणि मूल पेंगतं, त्यामुळं चाचणी संपल्यावर लगेच उठवून दुचाकीवर बसवून घरी नेऊ नका. ग्लुकागॉनने मळमळ होते आणि नंतर साखर उतरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी खायला घालावं लागतं. एकच चाचणी बऱ्याचदा फसवते, म्हणून दोन वेगवेगळ्या चाचण्यांत उत्तर कमी आलं तरच कमतरता मानतात. थायरॉइड कमी असेल तर आधी तो सुधारायचा, नाहीतर ही चाचणीही खोटी कमी येते.

आयजीएफ-१ दिवसभर स्थिर असतं, कधीही मोजता येतं. पण कुपोषण, यकृताचा आजार किंवा थायरॉइडची कमतरता असली तरी ते कमी दिसतं.

मुलाची उंची घरी नीट कशी मोजायची? काळजी कधी करायची?

दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करणं बंद करा. खाली पट्टी किंवा कठडा नसलेली सरळ भिंत निवडा. बूट, मोजे, डोक्यावरचा बो किंवा वर बांधलेली वेणी काढा. टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, गुडघे सरळ, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा आणि त्याच्या खालच्या कडेची खूण घ्या. तीन वेळा मोजून मधला आकडा लिहा. मोजायची वेळ दरवेळी तीच ठेवा, कारण संध्याकाळी मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. दोन मापांत निदान सहा महिन्यांचं अंतर हवं. दर महिन्याला मोजलं तर मापातली चूकच वाढ म्हणून दिसते.

पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर. या काळात वाढ वर्षाला ४ च्या खाली गेली तर मूल वर्गात पहिल्या बाकावर बसत नसलं तरी दाखवा. वेग हा उंचीपेक्षा मोठा पुरावा आहे.

आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज काढता येतो. मुलासाठी दोघांची उंची मिळवून १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा आणि दोनने भागा. वडील १६८ आणि आई १५४ सेंटिमीटर असतील तर मुलाचा अंदाज १६७.५ आणि मुलीचा १५४.५. यात आठेक सेंटिमीटर वरखाली चालतं. डॉक्टर ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. परदेशी तक्त्यावर मोजून घाबरून जाऊ नका.

डाव्या हाताच्या पंज्याचा एक्सरे काढतात तो हाडाचं वय पाहायला. हाडाचं वय मागं असेल आणि वेग ठीक असेल, तर बहुतेक वेळा ते मूल उशिरा वाढणाऱ्यांपैकी असतं. अशा घरात वडीलही कॉलेजात गेल्यावर उंच झालेले असतात, विचारून पाहा.

खुराक कमी पडला तर हॉर्मोन कमी होतं का?

उलटं होतं, आणि हे कळलं की बरेच गैरसमज गळून पडतात. कुपोषित मुलात वाढीचं हॉर्मोन बहुधा जास्तच असतं, पण आयजीएफ-१ पडलेलं असतं. यकृताने हॉर्मोनचं ऐकायचं तर त्याला प्रथिनं आणि पुरेसं इन्सुलिन लागतं. खाणं तुटलं की यकृत ते ऐकणं कमी करतं आणि वाढीचा खर्च थांबवून जगण्यापुरती शिल्लक राखतं. अशा मुलाला बाहेरून इंजेक्शन देणं म्हणजे जिथं उणीव नाही तिथं भर घालणं.

गोठ्यातही हेच. दूध लवकर तोडलेलं, जंतांनी पोखरलेलं रेडकू खुरटतं ते हॉर्मोनच्या इंजेक्शनाअभावी नव्हे. पहिल्या तासात चीक, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, वेळेवर जंतनाशक आणि कोवळी वैरण मिळाली की तेच रेडकू भरून निघतं. मात्र ती वेळ फार लांबली तर तूट पूर्ण भरत नाही.

मुलांमध्ये आणखी एक कारण तपासायला हवं: गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, म्हणजे सिलिॲक आजार. जुलाब नसतानाही फक्त उंची खुंटणं हे त्याचं एकमेव लक्षण असू शकतं. रक्ताची तपासणी करण्याआधी गहू बंद करू नका, रिपोर्ट फसवा येतो.

हॉर्मोन वाढलं की सगळे अवयव सारख्याच प्रमाणात वाढतात का?

नाही. हॉर्मोन ही गावभर फिरलेली दवंडी आहे. ऐकू सगळ्यांना येते, उठतो तो ज्याच्या कामाची असते तोच.

१९८२ मध्ये अमेरिकेत उंदराच्या गर्भात उंदरांच्याच एका मोठ्या भाईबंदाचं, म्हणजे रॅटचं, वाढ हॉर्मोनचं जनुक घातलं. काही उंदीर भावंडांच्या जवळपास दुप्पट वजनाचे झाले. पुढच्या अभ्यासांत अशा उंदरांचे अवयव तोलल्यावर खरा मुद्दा पुढं आला: त्यांचं यकृत शरीराच्या मानाने जास्तच मोठं होतं. दुसऱ्या जातीच्या उंदरांत फक्त आयजीएफ-१ वाढवलं, तेव्हा वजन सुमारे १.३ पट झालं, मेंदू मोठा झाला आणि यकृत मात्र शरीराच्या प्रमाणातच राहिलं. यकृतावर वाढ हॉर्मोनचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडून संदेश पेशीत पोहोचवणारी प्रथिनं, भरपूर आहेत, ते थेट त्याचं ऐकतं. मेंदू गर्भात आणि बालपणी आयजीएफ-१ चं ऐकतो. माणसाच्या मेंदूचा आकार सहाव्या वर्षापर्यंत प्रौढ आकाराच्या सुमारे ९० टक्के होऊन गेलेला असतो, म्हणून नंतरच्या इंजेक्शनाने मेंदू मोठा होत नाही.

माणसात याचं बोलकं उदाहरण म्हणजे पिट्यूटरीची गाठ. ग्रोथ प्लेट उघड्या असताना गाठ झाली तर उंची थांबत नाही. १९४० साली वारलेले रॉबर्ट वाडलो २७२ सेंटिमीटरपर्यंत वाढले होते. प्लेट बंद झाल्यावर तीच गाठ झाली तर उंची तेवढीच राहते आणि बाकीचं वाढतं: अंगठी बसत नाही, चपलेचा नंबर बदलतो, जबडा पुढं येतो, दातांत फटी पडतात, जीभ जाड होते, झोपेत घोरणं वाढतं. हृदय, यकृत, थायरॉइडही वाढतात. मधुमेह आणि रक्तदाब सोबत येतात. हे इतकं सावकाश होतं की घरच्यांना दिसत नाही. शंका असेल तर दहा वर्षांपूर्वीचा फोटो सोबत न्या. डॉक्टर आयजीएफ-१ पाहतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून वाढ हॉर्मोन दबतं का ते बघतात. निरोगी माणसात ते दबतं, गाठ असेल तर दबत नाही.

अवयवाला आपलं माप पुरं झालं हे कळतं कसं?

या विषयातला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

१९६० च्या दशकात डोनाल्ड मेटकाफ या संशोधकाने उंदराच्या पिलात एकाच वेळी अनेक गर्भावस्थेतल्या प्लीहा रोवल्या. प्रत्येक प्लीहा लहानच राहिली. सगळ्यांचं मिळून वजन एका प्लीहेइतकं झालं. असाच प्रयोग छातीतल्या थायमस ग्रंथीवर केला. तिथं रोवलेली प्रत्येक थायमस आपापल्या पूर्ण आकाराला पोहोचली. म्हणजे प्लीहा शरीरात एकूण किती आहे याचा हिशेब शरीर ठेवतं, तर थायमस आपलं माप जन्मतः स्वतःसोबत आणते.

यकृत पहिल्या गटातलं. उंदराचं दोन तृतीयांश यकृत काढलं तर आठवडा-दहा दिवसांत वस्तुमान भरून येतं. काढलेला भाग पुन्हा उगवत नाही, उरलेला भाग फुगतो. म्हणून यकृतदात्याच्या सोनोग्राफीत नंतर आकार वेगळा दिसतो, वजन मात्र काही महिन्यांत बरंचसं जागेवर येतं. रक्तातून परत येणारी पित्ताम्लं, स्वादुपिंडाकडून येणारं इन्सुलिन, यकृतातले वाढघटक हे सगळे मिळून ‘अजून हवं’ किंवा ‘पुरे’ असं सांगतात. १९९२ मध्ये पिट्सबर्गला बबूनचं यकृत माणसाला बसवलं, तेव्हा ते काही आठवड्यांत माणसाच्या मापाकडे वाढलं.

पेशींच्या आतही एक लगाम असतो, त्याला हिप्पो मार्ग म्हणतात. तो वाय-ए-पी या प्रथिनाला आवरतो. २००७ मध्ये उंदराच्या यकृतात हे प्रथिन मोकळं सोडल्यावर शरीराच्या ५ टक्के असलेलं यकृत २५ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि ते तसंच चालू ठेवल्यावर त्यात कॅन्सरच्या गाठी झाल्या. ‘लगाम सोडला की अवयव मोठा होईल’ हे खरंच आहे. त्याची किंमतही हीच आहे.

मूत्रपिंडाचं गणित वेगळं. एक काढलं तर दुसरं वाढतं, पण मुख्यतः असलेल्या पेशी मोठ्या होऊन. नवी गाळणी तयार होत नाहीत. दात्याची एकूण गाळणक्षमता आधीच्या सुमारे ७० टक्क्यांवर स्थिरावते. म्हणून एका मूत्रपिंडावरच्या माणसाने वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

गर्भाशय तर वाढून परत येतं. एरवी ६० ते ७० ग्रॅमचं, नऊ महिन्यांत सुमारे ११०० ग्रॅमचं होतं आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत पुन्हा मूळ मापाजवळ येतं. इस्ट्रोजेन आणि बाळाचा ताण त्याला वाढवतात, दोन्ही गेले की पेशी आक्रसतात.

पोटातल्या बाळाचं माप कोण ठरवतं?

जन्मापूर्वी वाढीचं हॉर्मोन फारसं काम करत नाही. म्हणून ते नसलेलं बाळही बहुतेक वेळा जवळपास नेहमीच्या वजनाचं जन्मतं आणि नंतर खुंटतं. गर्भात सूत्रं असतात इन्सुलिन, आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२ यांच्याकडे. उंदरात आयजीएफ-२ चं जनुक नसेल तर पिलू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचं जन्मतं. या जनुकाची फक्त बापाकडून आलेली प्रत चालते, आईची प्रत मिटलेली असते. उंदरात आईकडून चालणारं दुसरं जनुक नेमकं या आयजीएफ-२ ला गिळून टाकणारा ग्राहक बनवतं. बापाकडचं वाढवतं, आईकडचं आवरतं.

आईला गरोदरपणात मधुमेह असेल तर तिची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. मग चरबी, यकृत आणि हृदयाचा पडदा वाढतो, डोकं मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणून खांदे अडकण्याचा धोका असतो. जन्मल्यावर आईची साखर तुटते, बाळाचं इन्सुलिन तसंच राहतं आणि पहिल्या काही तासांत साखर झपाट्याने उतरते. ‘बाळ चांगलं चार किलोचं आहे, दूध उशिरा पाजलं तरी चालेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पहिल्या तासात पाजायचं आणि साखर तपासायची. गरोदर बाईची तपासणी सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, पोटात काही असो वा नसो, दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

लहान गाईला मोठ्या जातीचं रेत भरलं तर गाय अडेल का?

१९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर ही अवाढव्य घोड्याची जात आणि शेटलंड ही बुटकी जात यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शेटलंड आईचं शिंगरू शायर आईच्या शिंगरापेक्षा पुष्कळ लहान जन्मलं, जनुकांचा साठा सारखा असूनही. आईचं गर्भाशय आणि वार बाळाला बऱ्यापैकी आवर घालतात. पण तो आवर पुरा नाही. पहिल्या वेताच्या कालवडीत, जिची कमरेची हाडं अजून भरायची आहेत, तिथं वासरू अडू शकतं.

म्हणून वय पाहून भरवू नका, वजन पाहून भरवा. कालवडीचं किंवा रेडीचं वजन त्या जातीच्या प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के झालेलं हवं. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे वजन किलोत. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर २७३ किलो. जनावर चारी पायांवर सरळ उभं हवं, मान खाली घातलेली असेल तर घेर चुकतो. आणि पहिल्या वेताला सुलभ प्रसूतीचा शेरा असलेल्या वळूचंच रेत मागा.

तीन महिन्यांपासून माजावर येईपर्यंत कालवडीला पेंड-खाद्याचा भडिमार करू नका. याच काळात कास शरीरापेक्षा वेगाने वाढते. वजन फार झपाट्याने चढलं तर कासेत दूध करणाऱ्या पेशींऐवजी चरबी भरते, आणि ती उणीव नंतर भरून निघत नाही.

खच्ची केलेला बैल वळूपेक्षा उंच का दिसतो?

कारण ग्रोथ प्लेट बंद करायचं काम लिंग हॉर्मोनकडे असतं, आणि नरातही ते शेवटी इस्ट्रोजेन करतं. टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग त्यात बदलतो. खोंड लहानपणी खच्ची केला की प्लेट उशिरा मिटतात, पाय लांब होतात. पण मान, वशिंड आणि पुढचा भाग वळूसारखा भरत नाही, कारण ते स्नायू टेस्टोस्टेरॉनचं ऐकणारे. खिलार बैल आणि वळू शेजारी उभे करून पाहा. दाजीपूरच्या जंगलातले गव्याचे नर मादीपेक्षा एवढे भारदस्त दिसतात, त्यातही हेच टेस्टोस्टेरॉन आहे.

१९९४ मध्ये एका माणसाची नोंद झाली, ज्याच्या शरीराला इस्ट्रोजेन ऐकूच येत नव्हतं. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, प्लेट उघड्या आणि वाढ चालूच. मुलगी फार लवकर वयात आली तर आधी वर्गात सगळ्यांत उंच असते आणि शेवटी बुटकी राहते, त्याचंही कारण हेच. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ किंवा मुलात नऊच्या आत वृषण वाढणं दिसलं तर थांबू नका.

कमी वयात तालमीत घातलं तर उंची खुंटते का?

जोर-बैठकांनी ग्रोथ प्लेट मिटत नाही. खुंटते ती खुराकाशिवाय केलेल्या मेहनतीने, आणि वजनगट गाठायला उपाशी राहून, पाणी तोडून, गरम कपडे घालून पळवल्याने. अशा काळात पोराचं आयजीएफ-१ आणि टेस्टोस्टेरॉन उतरतं. हंगाम संपून खाणं सुरळीत झालं की सुधारतं. वर्षातून अनेकदा हे केलं तर मात्र वाढीचा मोलाचा काळ हातातून जातो. वाढत्या पोराचं वजन उतरवू नका, गट वरचा घ्या. वस्तादांना हे सांगायला संकोच करू नका.

जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं घेतली तर फक्त स्नायू वाढतात का?

दवंडीचा मुद्दा इथं जिवावर बेततो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाऊबंद घेतले की पिट्यूटरी आपला संदेश थांबवते; वृषण आक्रसतात, शुक्राणू नाहीसे होऊ शकतात. बंद केल्यावर परत यायला महिने लागतात, काहींचं पूर्ण परत येत नाही. हृदयाची डावी भिंत जाड होते. वाढ हॉर्मोन घेतलं तर सांधे दुखतात, बोटांना मुंग्या येतात, साखर वाढते. स्नायूंत जे वजन दिसतं, त्यातला बराच भाग पाणी असतो. वाढ हॉर्मोन आणि आयजीएफ-१ दोन्ही उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत आणि रक्ततपासणीत सापडतात.

बिनलेबलच्या वजनवाढ पावडरींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. चेहरा गोल होतो, भूक वाढते, घरचे खूश होतात, उंची थांबते. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात, म्हणून काही आठवडे घेतलेलं असं काहीही एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडे डबा घेऊन जा. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडची गोष्ट निराळी: त्याने अंतिम उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडतो. दमा न आवरणं त्याहून फार वाईट, पंप बंद करू नका.

गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायलं तर म्हशीचं हॉर्मोन अंगात जातं का?

दुधात आयजीएफ-१ असतं आणि गाईचं आयजीएफ-१ माणसाच्या तंतोतंत सारखं आहे. पण ते प्रथिन आहे, पोटात पचतं. जनावराचं वाढ हॉर्मोन तर टोचलं तरी माणसात चालत नाही. म्हणूनच १९५८ पासून माणसाच्या मृतदेहातल्या पिट्यूटरीतून ते काढावं लागलं, आणि त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं दिसल्यावर १९८५ मध्ये ते थांबवून प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. दूध पिणाऱ्या मुलाचं स्वतःचं आयजीएफ-१ थोडं वाढतं, ते चांगल्या खुराकामुळं. कच्च्या दुधाचा खरा धोका ब्रुसेलोसिस आणि क्षयाचा आहे. उकळून प्या.

ऑक्सिटोसिनबद्दलही विचारलं जातं. ते पान्हा सोडवतं, दूध तयार करत नाही आणि शरीर वाढवत नाही. रोज टोचलं की म्हैस त्याशिवाय पान्हवत नाही. कासेला कोमट पाणी, वासरू समोर आणि रोज तोच माणूस धारेला, एवढं बहुतेक म्हशींना पुरतं.

थायरॉइडचा उंचीशी काय संबंध?

जवळचा. जन्मतः थायरॉइड नसेल तर उंचीसोबत मेंदूही मागं राहतो, आणि पहिल्या काही आठवड्यांतलं नुकसान भरून येत नाही. बाळ ४८ ते ७२ तासांचं झाल्यावर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम सांगणारं पिट्यूटरीचं हॉर्मोन, तपासून घ्या. कमतरता निघाली तर दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्या. बाटलीभर दुधात मिसळू नका, उरलं तर डोस उरतो. लोह किंवा कॅल्शियमच्या थेंबांपासून चार तासांचं अंतर ठेवा.

कुत्री सगळी एकाच प्रजातीची, मग एवढी लहानमोठी कशी?

मोठा वाटा आयजीएफ-१ च्या जनुकाजवळच्या एका फरकाचा. बहुतेक लहान जातींत तो सापडतो. बेल्जियन ब्लू बैलांचे फुगलेले पुठ्ठे वेगळ्या कारणाने: स्नायूंना ‘पुरे’ सांगणारं मायोस्टॅटिन त्यांच्यात मोडलेलं असतं. स्नायू वाढतात, आणि वासरं बऱ्याचदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागतात.

डॉक्टरांनी वाढ हॉर्मोन सुरू केलंय. काय जपायचं?

रोज रात्री, त्वचेखाली. मांडी, पोट, दंड आलटून पालटून. एकाच जागी टोचलं की खड्डा किंवा गाठ होते. पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. हलवायचं नाही, घोळवायचं. उन्हाळ्यात गावाला जाताना थंड पिशवीत न्या, पण बर्फाच्या पाकिटाला कापडात गुंडाळा. कमतरता खरी असेल तर पहिल्या वर्षी ८ ते १२ सेंटिमीटर वाढ दिसते. तेवढी दिसली नाही तर डोस वाढवण्याआधी पेनमधलं उरलेलं औषध मोजा. चुकलेले दिवस हे सगळ्यात नेहमीचं कारण असतं. मूल लंगडू लागलं, गुडघा किंवा कंबर दुखली, सतत डोकं दुखून अंधुक दिसू लागलं तर त्या रात्रीचं इंजेक्शन थांबवून दुसऱ्याच दिवशी दाखवा.

पहिल्या भेटीला सोबत काय न्यायचं?

जन्माचं वजन आणि किती महिन्यांचं बाळ होतं याचा कागद, शाळेतली किंवा लसीकरण कार्डावरची जुनी मापं तारखांसकट, चालू असलेल्या सगळ्या औषधांचे आणि पावडरींचे डबे, आणि शक्य असेल तर आई आणि वडील दोघंही, म्हणजे त्यांची उंची तिथंच भिंतीला टेकवून मोजता येईल. सांगितलेली उंची बहुतेक वेळा दोन-तीन सेंटिमीटर जास्त असते.